अकरा वाजता येणारी बायको

माझी वहिनी रोज सकाळी अकराच्या सुमाराला स्वतःच्याच घराची बेल वाजवायची. आधी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने चोरपावलांनी बाहेर पडायची, मागच्या जिन्याने खाली उतरायची, खांद्याला पर्स अडकवायची, पायात कामावरचे बूट चढवायची आणि पुढच्या जिन्याने वर येऊन बेल दाबायची. मी दार उघडून मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "आलीस का गं?" आतल्या खोलीत दादाला ऐकू जावं म्हणून. मग दादा खुर्चीतून म्हणायचा, "आली वाटतं." आणि त्याचा चेहरा असा काही खुलायचा की बघवत नसे.

साठी उलटलेल्या आम्ही दोघी बायका, जिना चढताना गुडघे आमच्याआधी बोलतात, आणि रोज हे नाटक. खालच्या मजल्यावरचा शिंपी सुरुवातीला बघून चक्रावला. मला म्हणाला, "ताई, तुमच्या वहिनी किल्ली रोज विसरतात का हो?" मी म्हटलं, "तू काजं कर तुझी." सगळ्यांना सगळं सांगत बसायला मला वेळ नाही आणि तशी माझी जीभही गोड नाही. शाळेच्या कॅन्टीनच्या काउंटरवर जन्म गेला माझा. पोरांवर ओरडून ओरडून आवाजाचा भोंगा झाला, तो आता काय सुधारणार!

वहिनीचं मात्र उलटं. तिचा आवाज म्हणजे तिची रोजीरोटी. ती रेडिओवर बोलायची. एकोणीस-वीस वर्षांची असताना आवाजाच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. आधी तिला हरवलेल्या माणसांच्या सूचना वाचायला दिल्या, मग बाजारभाव, मग कुठल्या भागात पाणी येणार नाही ते. मग एकदा सकाळच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा निवेदक आजारी पडला आणि हिला बसवलं, ती जन्मभर तिथेच बसली. सकाळी सात ते अकरा. लोकांना तिचं नाव ठाऊक नव्हतं. सगळे तिला "सकाळच्या बाई" म्हणायचे. पत्रंसुद्धा त्याच नावाने यायची आणि पोस्टमन बरोबर पोचवायचा.

काम सोपं नव्हतं हो. लोकांना वाटतं, काय, नुसतं बोलायचं. गाणं सुरू झालं की आधी नुसती वाद्यं वाजतात ना, तेवढ्या वेळात बोलून घ्यायचं, आणि आपला शेवटचा शब्द पडायला आणि गाणाऱ्याने तोंड उघडायला एकच गाठ पडली पाहिजे. अर्धा शब्द गाण्यावर सांडला तरी वहिनीला दिवसभर चैन पडत नसे. मी एकदा विचारलं, "कसं कळतं गं तुला?" तर म्हणाली, "वन्सं, तुम्हाला दूध उतू जायच्या आधी कसं कळतं?" मी म्हटलं, मला कुठे कळतं, माझं रोज उतू जातं.

पण हा जो मधाचा आवाज होता, तो रेडिओ स्टेशनवर. घरी काय यायचं? चार तास बोलून, त्यानंतर उद्याच्या गाण्यांची जुळवाजुळव करून दुपारी ती यायची ती चिपाड होऊन. घरात तिचा आवाज खर्जातला, घोगरा, आणि त्यात माझ्या दादाशी रोजची खडाखडी. दादा बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे पाव भरायचा आणि दुकानादुकानांत पोचवत हिंडायचा. गाडीत रेडिओ असायचा आणि त्यावर बायको. घरी आला की पहिलं वाक्य, "आज तीनदा 'सुंदर' म्हणालीस." की ही लगेच, "तुम्ही पाव पोचवा वेळेवर, सुंदर मोजू नका. आणि बूट दारातच काढा, सगळीकडे पीठ!" लोक दादाला म्हणायचे, "भाग्यवान आहात, रोज घरी हा आवाज!" दादा म्हणायचा, "तो आवाज ती तिथेच खुंटीला टांगून येते. घरी येतो तो दुसराच." आणि हसायचा. भांडायचे दोघं, पण जेवताना एकाने दुसऱ्याला सोडून घास घेतलेला मी तरी पाहिला नाही. माझा नवरा लवकर गेल्यावर मी त्यांच्याकडेच राहायला आले, त्यामुळे ही सगळी रोजची लढाई माझ्या डोळ्यांदेखत झालेली आहे.

मग स्टेशन एका मोठ्या कंपनीने घेतलं. तिथून सगळं बिनसत गेलं.

पहिल्यांदा आला तो फॉर्मॅट. भिंतीवर एक गोल चिकटवला, पोळपाटाएवढा. त्यात तास कापून ठेवलेला. इथे गाणं, इथे जाहिरात, इथे स्टेशनच्या नावाची धून, आणि ह्या एवढ्याशा फाकेत तुम्ही बोला. पूर्वी कुणा म्हातारीचं पत्र आलं तर वहिनी ते पुरतं वाचायची. आता वाचायचंच नाही. प्रोग्रॅम हेड म्हणून एक नवा माणूस आला. वाईट नव्हता बिचारा, पण त्याला श्वास घ्यायलाही वरून परवानगी लागायची. तो म्हणाला, "बाई, हसत बोला. हसू ऐकू येतं." आणि माइकवर हसऱ्या तोंडाचा पिवळा स्टिकर लावला. मी म्हटलं, काढून फेक तो. वहिनी म्हणाली, "जाऊ दे वन्सं. हसायला काय जातंय?" वहिनीचा स्वभावच असा. सांगितलेलं काम ती सांगितलं त्याहून चोख करणार, मग ते तिला पटो वा न पटो.

मग आला कॉम्प्युटर. आता सकाळी स्टेशनवर कुणी बसायचंच नाही. वहिनीने आठवड्यातून एका दुपारी जायचं आणि सगळ्या दिवसांचं बोलणं एका दमात बोलून यायचं. कॉम्प्युटर ते गाण्यांच्या मध्ये बरोबर जागा बघून चिकटवणार. पहिल्या दिवशी घरी आली ती पर्स न काढताच बसली. म्हणाली, "गाणं ऐकूच येत नाही हो. त्याची शेवटची एक ओळ वाजवतात, मग मी बोलते, की दुसऱ्या गाण्याची सुरुवात. चार तासांचा कार्यक्रम अर्ध्या-पाऊण तासात संपला. म्हणजे मी इतकी वर्षं उरलेला वेळ तिथे काय करत होते?" बाहेर हवा छान आहे असंसुद्धा म्हणायचं नाही, कारण ते वाजेल तेव्हा बाहेर काय असेल कुणाला ठाऊक! आणि घड्याळ? एक अख्खी दुपार बसवून तिच्याकडून नुसते आकडे बोलून घेतले. सात वाजले, आठ वाजले, पाच मिनिटं, सहा मिनिटं, असं सगळं सुटं सुटं. मशीन ते जोडून तिच्या आवाजात वेळ सांगायला लागलं. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई बसल्यायत समोर घड्याळाकडे बघत. आणि बाई घरी भांडी घासतायत.

हे होईपर्यंत दादाचं बिनसायला लागलेलं होतं. रस्ते विसरायचा. एक दिवस तर सगळ्या दुकानांचा पाव एकाच दवाखान्यात उतरवून मोकळी गाडी घेऊन परत आला, आणि वर सांगतो, "आज लवकर आटपलं." दवाखान्यातले पेशंट दोन दिवस पाव खात होते म्हणे. बेकरीवाल्याने मानाने घरी बसवलं. पुढे बटणं चुकायला लागली, माणसं चुकायला लागली. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, हे आता कमीच होत जाणार. त्यांना खोडून काढू नका. आवाज चढवू नका. शांत, गोड, हळू बोला.

झालं! वहिनीने ते वाक्य त्या भिंतीवरच्या गोलासारखं मनात चिकटवून ठेवलं. त्या दिवसापासून तिने दादावर एकदाही आवाज चढवला नाही. "घ्या हं." "बसा हं." "छान, छान." "आता आपण हात धुऊया का?" मला ऐकून कसंतरी व्हायचं, पण दगडाचं काळीज करून गप्प बसायचे, कारण डॉक्टर शिकलेला माणूस. मला स्वतःला ते जमलं नाही. मी आपली, "दादा, मोजा उलटा घातलायस, काढ तो!" आणि दादा मला बरोब्बर ओळखायचा. "कावळा ओरडला," म्हणायचा, लहानपणापासून म्हणतो तसं. मी मनातून फुशारून जायचे. म्हटलं, शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचं.

वहिनी सकाळी स्टेशनवर जात होती तोवर ठीक चाललं होतं. सात वाजता रेडिओ लावला, तिचा आवाज आला, की दादा निवांत. दुधात भिजवलेला पाव खायचा, आंघोळीला चल म्हटलं की चालायचा. त्याच्या हिशेबी सगळं जागच्या जागी. बायको कामावर, आपण तिला ऐकतोय. पण ज्या दिवशी तिचं सकाळचं जाणं बंद झालं, त्या दिवशी पंचाईत झाली. रेडिओवर ही बोलतेय आणि पावाची वाटी घेऊन समोर हीच उभी. दादाने तिच्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं, आणि अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

"अहो, मी," वहिनी म्हणाली.

"नाही. माझी बायको कामावर आहे. ऐका की." आणि त्याने रेडिओ थोडा मोठा केला.

आता स्वतःच्याच आवाजाशी भांडायचं कसं? खोडून काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. वहिनीने वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "बरं हं. मी मदतीला आलेय." त्या दिवसापासून ती स्वतःच्या घरात कामाला लागलेली बाई झाली. दादा तिला 'अहो बाई' म्हणायचा, सांडलं की माफी मागायचा, तिच्यासमोर सदरा काढायला लाजायचा. चाळीस वर्षं संसार केलेला नवरा हो! ती न्हाणीघरात त्याचे कपडे पिळताना मी बघितलंय तिला. रडत नव्हती. नुसतीच पिळत होती, पाणी संपलं तरी.

बेलची युक्ती माझी नाही, तिचीच. एकदा भाजी घेऊन ती अकराच्या बेताला पुढच्या दाराने आली. रेडिओवर कार्यक्रम नुकताच संपला होता. दादा तिला बघून म्हणाला, "आलीस? दमलीस का?" पिशवी तिच्या हातातून गळलीच. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं मागचं दार, पर्स, बूट आणि बेल. अर्धा तास, फार तर तासभर ती त्याची बायको असायची. तो तिला शेजारी बसवून घ्यायचा, हात हातात घ्यायचा, आज कार्यक्रम छान झाला म्हणायचा. मग जेवण, झोप, आणि झोपून उठला की पुन्हा "अहो बाई". अख्ख्या दिवसातला तेवढाच एक तुकडा तिचा. त्याच्या जोरावर ती बाकीचा दिवस ओढायची. आणि तो तुकडा टांगलेला होता त्या रेडिओच्या दोरीवर.

ती दोरीच कापली त्यांनी.

प्रोग्रॅम हेडने बोलावून सांगितलं की मुख्य ऑफिसने ठरवलंय, आता सगळ्या शहरांना एकच सकाळ. तिकडे लांब कुठेतरी एक तरुण मुलगा बोलणार आणि तोच सगळीकडे वाजणार. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय! वहिनीचा कार्यक्रम पुढच्या आठवडाअखेर बंद. आणि निरोप घ्यायचा नाही. शेवटचा दिवस नेहमीसारखाच गेला पाहिजे. निरोप घेतला की ऐकणारे हळवे होतात, फोन करत बसतात. म्हणजे इतकी वर्षं लोकांच्या घरात सकाळी सकाळी येणारं माणूस, त्याने जाताना "येते" एवढंही म्हणायचं नाही! गरज सरो, वैद्य मरो. मी तर पर्स उचलून निघालेच होते त्या माणसाला बघायला. वहिनीने दार अडवलं.

"मी बोललेय त्यांच्याशी," ती म्हणाली.

"भांडलीस?"

"नाही. एवढंच मागितलं, की अकरा वाजता एकदा माझ्या आवाजात वेळ सांगा. 'अकरा वाजले', बस. रेकॉर्ड केलेलं आहेच त्यांच्याकडे."

"मग?"

"फॉर्मॅटमध्ये बसत नाही म्हणाले." बूट काढता काढता ती मध्येच थांबली, एक बूट पायात तसाच. "वन्सं, मला कामाचं काही नाही हो. खरं सांगू, मी थकलेय. पण रेडिओवरची ती गेली, तर अकरा वाजता येणार कोण?"

मीही तेच म्हणत होते मनात.

स्टेशनचा इंजिनिअर जुना माणूस, त्याला दया आली. त्याने वहिनीचं जुनं सगळं बोलणं एका पेन ड्राइव्हवर भरून दिलं. "घरी वाजवा," म्हणाला. आम्हाला वाटलं, सुटलो. आमच्या रेडिओला त्याची खाच होती, रविवारी लावून बघितलं. आता ह्यात गंमत काय झाली, की कॉम्प्युटरसाठी रेकॉर्ड केलेलं ते नुसतं बोलणं होतं. गाणी मशीनमध्ये वेगळी. वहिनी रेडिओवरून म्हणते, "आणि आता ऐकूया हे गोड गाणं," आणि गाणं येतच नाही, लगेच म्हणते, "किती छान होतं नाही?" पुन्हा, "आता ऐकूया..." पुन्हा, "वा!" बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी! मला मेलीला हसू फुटलं. वहिनीलाही फुटलं. अति झालं आणि हसू आलं. दादा मात्र कावराबावरा झाला, उठून रेडिओला थापटायला लागला. "हिला काय झालंय? थांबत का नाही ही?" घाबरला तो. बंद केलं.

सोमवारी सातला रेडिओ लावला, तो तरुण मुलगा बोलायला लागला. आवाज चांगला होता, खोटं का बोला. उत्साह तर असा, की कुणी पाठीत चिमटे काढत असावं. दादाने एक गाणं वाट पाहिली. दोन गाणी वाट पाहिली. मग काटा इकडून तिकडे फिरवला. "आज ती नाही."

"येतील हं त्या," वहिनी म्हणाली. "तुम्ही खाऊन घ्या बघू."

"काहीतरी झालंय तिला, बाई. ती सुट्टी घेत नाही." वाटी बाजूला सारली आणि बूट शोधायला लागला.

मी वहिनीला बाजूला ओढलं. "बोल ना तू तशी. रेडिओवरच्यासारखी. दाराआडून बोल."

तिने मान हलवली आधी. मग पदर सावरला आणि दाराआड उभी राहून बोलली. काय सांगू तुम्हाला! तोच आवाज, तेच हसू, नमस्कार, सकाळच्या बाई बोलतेय, आणि मागे गाणं नसताना अगदी गाण्यासाठी जागा सोडून थांबली. दादा बूट हातात धरून ऐकत होता. म्हटलं, जमलं.

"बाई," तो म्हणाला, "नक्कल छान करता हो तुम्ही. पण असं करू नये. बिचारीला बरं नसेल."

वहिनी दाराआडून बाहेर आली नाही बराच वेळ. अकराला उठून गेली, पर्स घेतली, बूट घातले, बेल वाजवली. मी दार उघडलं, "आलीस का गं?" म्हटलं. दादा आशेने वळला आणि तिला बघून त्याचा चेहरा पडला. "तुम्ही होय? काही कळलं का तिचं?"

पुढचे दिवस कसे काढले, ते आमचं आम्हाला माहीत. तो खायचा नाही, दारापाशी जाऊन उभा राहायचा, खिडकीतून खालच्या माणसांना विचारायचा. वहिनी तशीच. "हो हं." "येतील हं." "थोडंसं खाऊया का आपण?" तिच्या आवाजाची लय जराही ढळली नाही. मला कधी कधी वाटायचं, हिला धरून गदागदा हलवावं. एकदा म्हटलंही, "ओरड की एकदा! भिंतीवर ओरड, माझ्यावर ओरड!" तर म्हणाली, "डॉक्टर म्हणाले ना, घाबरतात ते." आणि चमचा घेऊन पुन्हा त्याच्यासमोर जाऊन बसली.

मग ती सकाळ. दादा त्या दिवशी जरा शांत होता. त्याने माझ्याकडे गरम पाणी मागितलं. मला बरं वाटलं, म्हटलं, निदान पाणी तरी मागतोय. पेला भरून दिला. वहिनी लादी पुसत होती, मी पलीकडे इस्त्री करत होते. दादा उठला, रेडिओजवळ गेला, तो मुलगा बडबडत होता त्यात, आणि हळूच, लहान मुलाला पाजावं तसं, पेला रेडिओच्या जाळीवर वाकडा केला.

"घसा बसलाय तिचा," तो स्वतःशीच म्हणाला. "चार तास बोलते."

चट्कन आवाज झाला. निळी ठिणगी, जळका वास, घरातली वीज गेली. इस्त्री माझ्या हातातच. दादा पेला धरून तसाच, पायाखाली पाण्याचं थारोळं, आणि रेडिओची वायर त्याच पाण्यात.

"अहो!"

मी दचकले. तो आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. खर्जातला, फाटका, गंजलेल्या बिजागरीचा. वहिनीने ओलं फडकं भिरकावलं, दादाचा दंड धरून खस्सकन मागे ओढलं आणि प्लग उपटला.

"अक्कल गहाण टाकलीय का हो? वीज आहे त्यात! मेला असतात म्हणजे? मी काय करायचं होतं मग, पेले मोजत बसायचं होतं? जन्मभर सांगतेय, ओल्या हातांनी त्याला शिवू नका, शिवू नका, पण ऐकेल तो माणूस कसला! इकडे पाणी, तिकडे पाव, सगळ्या घराचा उकिरडा करून ठेवलाय! मी एकटीने किती पुसायचं? किती? दमले हो मी, दमले! सरका मागे. बसा तिथे!"

दादा खुर्चीत बसला. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता हा घाबरणार, रडणार, आणि ही जन्मभर स्वतःला खात बसणार.

"अगं," दादा म्हणाला, "कधी आलीस?"

मी डोळे उघडले. तो वहिनीकडे बघत होता. नुसता बघत नव्हता, ओळखून बघत होता, तोंड चुकवत, पूर्वी पिठाच्या बुटांनी आत आला की बघायचा तसा.

वहिनी पाण्यात गुडघे टेकून बसलेली.

"बेल नाही वाजवलीस?" तो म्हणाला. "चिडू नकोस. रेडिओ बिघडलाय, म्हणून तू ऐकू येत नव्हतीस. मला वाटलं, काय झालं."

"काही झालेलं नाही मला," ती कशीबशी म्हणाली, त्याच घोगऱ्या आवाजात.

"मग बरं." तो हुश्श करून मागे टेकला. मग इकडे तिकडे पाहून पुढे वाकला आणि खासगी सांगावं तसं आवाज बारीक करून म्हणाला, "एक सांगू? ती सकाळी एक बाई येते ना, ती स्वभावाने वाईट नाही गं. पण सारखी गोड गोड बोलते. काही सांडलं तरी 'छान छान' म्हणते. मला तिची भीती वाटते. तू घरी नसलीस की एकटं वाटतं तिच्याबरोबर. तिला सांग, उद्यापासून येऊ नका म्हणून."

वहिनीने फडकं उचललं, बादलीत पिळलं आणि त्याच्या खुर्चीखालचं पाणी टिपायला लागली. तिचे डोळे नुसते वाहत होते, पण आवाज तोच ठेवलान.

"सांगते," ती म्हणाली. "पाय उचला आधी. ऐकू येत नाही का? पाय वर घ्या म्हटलं ना!"